आपल्याच व्यासपीठावरून धमकी दिली गेली, तर बोलायचं कोणी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पक्षाचा एक वरिष्ठ नेता जाहीर सभेत विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांबद्दल म्हणाला, "यांना घरातून ओढून काढून ठेचलं पाहिजे." टाळ्या पडल्या. प्रश्न विचारणारी व्यक्ती त्याच पक्षाच्या प्रवक्त्यांपैकी एक. तिच्या शंका तीन. प्रत्यक्षात कुणाला काहीच झालेलं नाही, मग निषेध कशाचा करायचा? समोरचे याहून वाईट बोलतात, त्यांचं काय? आणि आपणच आपल्या माणसाविरुद्ध बोललो, तर विरोधकांच्या हाती कोलीत नाही का मिळणार?

निवडणुकीच्या काळातली भाषणं ऐकायची, त्यांतली धोक्याची कोणती ते ठरवायचं आणि पक्षांच्या लोकांना त्याचं प्रशिक्षण द्यायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. बोला, आणि आजच बोला. बाहेरच्या शंभर जणांच्या निषेधाला जे वजन नाही, ते तुमच्या एका निवेदनाला आहे. मात्र "राजकारणातली भाषा खालावत चालली आहे, सर्वांनीच आत्मपरीक्षण करावं" असलं गुळमुळीत काही काढणार असाल, तर ते न काढलेलं बरं.

आधी एक गल्लत दूर करू. कडक भाषा आणि हिंसक भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या राजकीय बातम्यांतून लढाई आणि कुस्ती वगळली तर मथळे लिहायला काही उरणारच नाही. रणशिंग फुंकलं, तोफ डागली, बालेकिल्ला ढासळला, चारी मुंड्या चीत केलं. यातल्या कशाचाही निषेध करायची गरज नाही. "नालायक सरकार", "लुटारूंची टोळी" ही भाषाही कुणाला बोचेल, कदाचित बदनामीच्या दाव्यापर्यंत जाईल, पण ती हिंसेची नाही. दर आठवड्याला निषेधाचं पत्रक काढणाऱ्या संघटना मी पाहिल्या आहेत. खरी धमकी येते त्या दिवशी त्यांचं पत्रक कुणी वाचत नाही. (अमेरिकेतल्या एका प्रयोगात लढाईच्या साध्या रूपकांनीही, मुळात आक्रमक स्वभावाच्या लोकांमध्ये राजकीय हिंसेला असलेला पाठिंबा वाढलेला दिसला होता, बाकीच्यांवर तसा परिणाम झाला नाही. भाषणं लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. निषेध करणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही.)

मग रेषा कुठे मारायची? न्यायालयांनी हा प्रश्न अनेकदा हाताळला आहे आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. 1966 साली वॉशिंग्टनमधल्या एका सभेत 18 वर्षांचा तरुण म्हणाला की मला सक्तीने सैन्यात घालून हातात रायफल दिलीत, तर मी पहिला नेम राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर धरीन. खटला झाला, शिक्षाही झाली. 1969 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बोलणं जर-तरचं होतं, ऐकणारे हसले होते, हा राजकीय अतिशयोक्तीचा प्रकार आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडे बलवंत सिंग खटल्यात घोषणा दिल्या गेल्या त्या 31 ऑक्टोबर 1984 रोजी, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंदीगडमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर. घोषणा प्रक्षोभक होत्या यात शंका नाही. तरी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, कारण दोघांनी एकदोनदा घोषणा दिल्या आणि त्यांना गर्दीचा काही प्रतिसाद मिळाला नाही.

म्हणजे नुसते शब्द पाहून निकाल लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2012 मध्ये मोरोक्कोतल्या रबात शहरात जी कसोटी ठरली, तिच्यात सहा गोष्टी पाहतात: प्रसंग, वक्ता, हेतू, मजकूर, तो किती लोकांपर्यंत पोचला आणि त्यातून नजीकच्या काळात नुकसान होण्याची शक्यता. ही कसोटी फौजदारी कारवाईचा उंबरठा ठरवण्यासाठी आहे. निषेधाचा उंबरठा त्याहून बराच खाली असायला हवा, कारण निषेधाने कुणी तुरुंगात जात नाही. हा फरक लोक फार विसरतात. "कायद्याने गुन्हा होत नाही" हे वकिलाचं उत्तर झालं. प्रवक्त्याला विचारलेला प्रश्न निराळा आहे.

आता तुमच्या नेत्याचं वाक्य या कसोटीवर ठेवा. वक्ता वरिष्ठ आहे, त्याच्या शब्दावर माणसं जमतात. प्रसंग निवडणुकीचा. लक्ष्य ओळखू येण्यासारखं आहे. विरोधी कार्यकर्ते कुठे राहतात हे गावोगावच्या श्रोत्यांना ठाऊक असतं. "घरातून ओढून काढून" यात कृतीचं वर्णन आहे, नुसता राग नाही. आणि टाळ्या पडल्या. अमेरिकेतल्या त्या तरुणाच्या बोलण्यावर लोक हसले होते. मी भाषणाची ध्वनिफीत ऐकते तेव्हा वक्त्याइतकंच गर्दीकडे कान देते, आणि गर्दी वाक्य संपायच्या आत ओरडायला लागली असेल तर ती सभा आमच्या यादीत वर जाते.

त्या भाषणात आणखी एक गोष्ट होती का ते तपासा. ती शिवीगाळीपेक्षा जास्त धोक्याची असते: "आपण आज गप्प बसलो तर उद्या ते आपल्याला संपवतील." या विषयाचे अभ्यासक याला आरशातला आरोप म्हणतात. आपल्याला जे करायचं आहे, ते समोरचाच करणार आहे असं आधी सांगून ठेवायचं. मग मारणं हा स्वसंरक्षणाचा भाग होतो आणि भल्या माणसाचा हातही कचरत नाही. रवांडात 22 नोव्हेंबर 1992 रोजी काबाया इथे लेओं मुगेसेरा या सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्याने भाषण केलं. ज्याचा गळा तुम्ही आज कापणार नाही, तोच उद्या तुमचा गळा कापेल, असं तो म्हणाला. तुत्सींना, म्हणजे तिथल्या अल्पसंख्य समाजाला, नदीच्या वाटेने इथिओपियाला परत पाठवू, असंही म्हणाला. तेव्हाच्या न्यायमंत्र्याने त्याच्यावर अटक वॉरंट काढलं, पण तो मंत्री दुसऱ्या पक्षातून संमिश्र सरकारात आलेला होता. मुगेसेरा निसटून कॅनडात गेला. एप्रिल 1994 मध्ये कत्तल सुरू झाली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि कित्येक प्रेतं खरोखरच नद्यांमधून वाहत गेली. मुगेसेराला कॅनडाने परत पाठवलं ते 2012 मध्ये, आणि रवांडाच्या न्यायालयाने जन्मठेप दिली ती 2016 मध्ये.

"काही झालं तर नाही ना" या तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर या तारखांमध्ये आहे. भाषण आणि कत्तल यांच्यामध्ये जवळजवळ दीड वर्ष गेलं. त्या काळात कुणीही म्हणू शकलं असतं की बोलण्याने काय होतं. शिवाय भाषण ऐकून माणूस थेट कोयता उचलतो, असं तिथेही सरसकट घडलं नाही. रवांडातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांशी बोलून अभ्यासकांनी जे नोंदवलं आहे त्यात रेडिओपेक्षा शेजारी, गावातले पुढारी, दारावर येऊन "चल" म्हणणारे लोक जास्त वेळा भेटतात. भाषणांनी आणि रेडिओने त्या "चल"ला मान्यता मिळवून दिली होती. इस्रायलमध्ये 4 नोव्हेंबर 1995 रोजी पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली, त्याआधी काही महिने सभांमधून त्यांना गद्दार म्हटलं जात होतं, नाझी गणवेशातली त्यांची चित्रं फिरत होती. मारेकऱ्याने पुढे धर्मशास्त्रातल्या ज्या कल्पनेचा आधार सांगितला, तिची चर्चा काही धार्मिक वर्तुळांत आधीपासून चालू होती. त्याला कुणी आदेश दिला नव्हता. आपल्यामागे लोक आहेत असं मात्र त्याला वाटू शकलं.

इथेच एक सावधगिरीही सांगते, कारण आमच्या क्षेत्रातले लोक तिथे घसरतात. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेत टूसॉन इथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. सहा जण मेले. त्याआधी विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने काही मतदारसंघांवर बंदुकीच्या नेमाची खूण असलेला नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात गिफर्ड्स यांचाही मतदारसंघ होता. लगेच दोन्हींचा संबंध जोडला गेला. हल्लेखोराने तो नकाशा पाहिला होता याचा पुरावा कधीच मिळाला नाही, आणि 2017 मध्ये तोच संबंध पुन्हा जोडणाऱ्या एका मोठ्या वृत्तपत्राला दुरुस्ती छापावी लागली, वर वर्षानुवर्षं चाललेला खटला. नकाशा वाईट होता, आणि तो वाईट म्हणायला गोळीबाराची गरज नव्हती. निषेध "याच्यामुळे अमुक घडलं" या पायावर उभा केलात की पुरावा नाही म्हटल्यावर तो कोसळतो, आणि वक्ता निर्दोष म्हणून मिरवतो. तुमच्या बाबतीत काही घडलेलं नाही ही अडचण नाहीच. उलट सोय आहे: कुणाच्या प्रेतावर उभं राहून वाद न घालता फक्त वाक्याबद्दल बोलता येईल.

आता "समोरचे काय कमी आहेत?" ही शंका. बहुधा कमी नसतील. पण विरोधकांच्या धमकीचा निषेध करण्यात तुमचं काहीच जात नाही, आणि म्हणूनच त्याने काही साधतही नाही. त्यांचे श्रोते तुमचं ऐकत नाहीत. तुमचे श्रोते ते ऐकतात आणि अधिकच खात्री बाळगतात की तिकडचे सगळे रक्तपिपासू आहेत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विचारलं होतं की समोरच्या पक्षातले किती लोक हिंसेला पाठिंबा देत असतील. दोन्हीकडचे अंदाज प्रत्यक्षाच्या कित्येक पट निघाले. लोकांना खरा आकडा सांगितला तेव्हा त्यांचा स्वतःचा हिंसेला असलेला पाठिंबाही कमी झाला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दुसऱ्या बाजूच्या एका वाचाळाला घेऊन तिकडच्या सगळ्यांना रंगवणं हे स्वतःच चिथावणीचं काम करतं. विरोधकांच्या धमकीला उत्तर द्याच, पण ती देणाऱ्या माणसाला, नावानिशी, आणि त्यांच्यातले जे गप्प बसले नाहीत त्यांचा उल्लेख करून.

आपल्या लोकांना सांगण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. 10 ऑक्टोबर 2008 रोजी अमेरिकेत मिनेसोटातल्या लेकव्हिल इथे, राष्ट्राध्यक्षपदासाठी ओबामांविरुद्ध उभे असलेल्या जॉन मॅकेन यांच्या सभेतल्या एका माणसाने ओबामा निवडून येण्याची भीती वाटते असं सांगितलं. मॅकेन म्हणाले, ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. स्वतःच्याच सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. थोड्या वेळाने एका बाईंनी ओबामांना अरब म्हटलं, तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं: ते कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत, एवढंच. त्या उत्तरावर टीकाही झाली (अरब माणूस सभ्य नसतो का, हा आक्षेप रास्त होता). पण तीन गोष्टी त्यांनी बरोबर केल्या. त्याच जागी बोलले, त्याच श्रोत्यांशी बोलले, आणि हुर्यो सहन केली. निवडणूक ते हरले. त्या उत्तरामुळे हरले असं म्हणायला मात्र आधार नाही.

कोलिताचं म्हणाल तर ते मिळेलच. खोटा दिलासा कशाला देऊ? चौरीचौऱ्यात फेब्रुवारी 1922 मध्ये जमावाने 22 पोलिसांना ठार केलं, तेव्हा गांधींनी देशभर वाढत चाललेलं असहकार आंदोलन थांबवलं. तुरुंगातले मोतीलाल नेहरू, लाला लजपत राय संतापले. सरकारला आयती संधी मिळाली, महिन्याभरात गांधींना अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षाही. तिथे प्रत्यक्ष हत्याकांड होतं आणि तुमच्याकडे फक्त वाक्य आहे, त्यामुळे तुलना ताणत नाही. आंदोलन थांबवणं योग्य होतं का यावर अजून वाद आहेत, त्यातही शिरत नाही. मला त्यांच्या लिखाणातलं एक बारीक वळण दाखवायचं आहे. पोलिसांनी आधी चिथावणी दिली होती, गोळ्याही झाडल्या होत्या, हे गांधींनी लपवलं नाही. पण त्यांनी ते आधी लिहिलं, आणि मग म्हटलं की कोणतीही चिथावणी असहाय झालेल्या माणसांच्या हत्येचं समर्थन करू शकत नाही. खटल्यातही त्यांनी चौरीचौऱ्याची जबाबदारी झटकली नाही. "पण" कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून असतं. "वक्तव्य चुकीचं होतं, पण समोरच्यांनी चिथावलं" या वाक्यात श्रोता दुसराच भाग घरी नेतो.

अशा निवेदनांचे साचे इतके ठरलेले आहेत की मी ते डोळे मिटून ओळखते. "वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला." "ते त्यांचं वैयक्तिक मत आहे." "भावनेच्या भरात बोलले." "कुणाची मनं दुखावली असतील तर दिलगीर आहोत." यातलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते धमकी मिळालेल्या माणसालाच हळवा ठरवतं. ज्याला घरातून ओढून काढायची भाषा झाली, त्याचं मन दुखावलेलं नसतं. तो घाबरलेला असतो. आणि "आमचे कार्यकर्ते आता आवरणार नाहीत, काही घडलं तर जबाबदारी प्रशासनाची" हे तर निवेदनच नव्हे. ती दुसरी धमकी आहे, फक्त भविष्यवाणीच्या वेषात.

हेटाळणीही तितकीच घातक. ब्रिटनमध्ये जून 2016 मध्ये जो कॉक्स या खासदाराची हत्या झाली. सप्टेंबर 2019 मध्ये संसदेत एका महिला खासदाराने त्या हत्येची आठवण देऊन पंतप्रधानांना सांगितलं की आम्हाला येणाऱ्या धमक्यांमध्ये तुमचेच शब्द असतात, भाषा आवरा. बोरिस जॉन्सन यांनी असली भंकस आपण ऐकली नसल्याचं उत्तर दिलं. त्यानंतर त्यांचे खुलासे आले, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते पहिलं उत्तर.

निवेदन चांगलं कसं करायचं, तर पहिलं म्हणजे वेळ. चोवीस तासांच्या आत, कारण त्यानंतर पक्षाचे लोक बाजू घेऊन मोकळे झालेले असतात आणि त्यांना मागे यायला लावणं महाकठीण. वक्त्याचं नाव घ्या; "काही जण" नको. धमकीचं वाक्य शब्दशः पुन्हा छापू नका, नाहीतर सभेला न आलेल्यांनाही तुम्हीच ते ऐकवाल. कशाबद्दल बोलता आहात हे कळण्यापुरतं वर्णन पुरेसं आहे. ज्यांना धमकी मिळाली त्यांचा उल्लेख असू द्या, आणि त्यांच्या सुरक्षिततेबद्दल एक ठोस वाक्य. शेवटी परिणाम: या माणसाचं आता पक्षात काय होणार? याचं उत्तर नसेल तर कार्यकर्ते निवेदनाला बाहेरच्यांसाठी केलेला देखावा समजतात, आणि त्यांचं बरोबर असतं. निवेदन वृत्तवाहिनीवर जाईलच, पण कार्यकर्त्यांच्या गटांमध्ये, त्याच भाषेत, त्याच भागातल्या पुढच्या सभेत ते गेलं पाहिजे.

आधी नेत्याशी खासगीत बोलावं का? जरूर, पण त्यासाठी काही तास द्या, दिवस नको. स्वतः उभं राहून "मी जे म्हणालो ते मागे घेतो, कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही" असं तो म्हणाला, तर तुमच्या निवेदनापेक्षा ते कैक पटींनी मोलाचं. अशा वेळी त्याला अब्रू राखून मागे यायला जागा द्या. त्याची जाहीर फजिती हा हेतू नाही. तो नाही म्हणाला तर मात्र वाट पाहू नका. खासगीत नापसंती आणि चारचौघांत मौन ही जोडी मी असंख्य पुढाऱ्यांमध्ये पाहिली आहे, आणि गर्दीला त्यातलं फक्त मौन दिसतं.

तुमच्यासाठी चार वाक्यांचा मसुदा देते, नावं घालून वापरा:

"काल झालेल्या सभेत आमचे नेते अमुक यांनी तमुक पक्षाच्या कार्यकर्त्यांवर हल्ला करण्याची भाषा केली, ती चुकीची आहे आणि ती आमच्या पक्षाची भूमिका नाही. तमुक पक्षाशी आमचा वाद धोरणांचा आहे आणि त्याचा निकाल मतदार देतील. त्यांच्या कुणाही कार्यकर्त्याला किंवा त्याच्या घराला कुणी हात लावला, तर हल्लेखोर आमचा असला तरी पोलिसांत तक्रार आम्ही स्वतः देऊ. अमुक यांना या निवडणुकीत पुढे सभेत बोलण्याची संधी दिली जाणार नाही."

वरिष्ठांकडे हा मसुदा गेला की चौथं वाक्य खोडलं जाईल, हे धरून चाला. त्यासाठी भांडा, पण ते गेलं तरी निवेदन काढण्यासारखं राहतं. पहिल्या वाक्यातलं नाव काढायला सांगतील, तिथे अजिबात मागे हटू नका. तिसरं वाक्य खोडलं, तर त्या निवेदनाखाली तुमचं नाव घालू देऊ नका.